डब्यावर आकडा लिहा

रविवारी वंदना आटोपली की विहाराच्या पायरीवर बायका थोडा वेळ बसतात. मी बावीस वर्षे आरोग्यसेविका म्हणून वस्त्या पालथ्या घातल्या, आता निवृत्त आहे. त्यामुळे पायरीवर बसले की प्रश्न माझ्याकडेच येतात. "ताई, गुळवेलीचा काढा रोज घेतला तर चालतो का?" "मावशी, शुगरला जांभळाच्या बिया किती दिवस खायच्या?" "पोराला खोकला आहे, अडुळसा देऊ का?" कुणीतरी मोबाईल पुढे करते. त्यात लिहिलेले असते, निसर्गाचे औषध आहे, अपाय काहीच नाही, पुढे पाठवा.

पूर्वी मी लगेच सांगून मोकळी व्हायची, हो, द्या. आता तसे सांगत नाही. आता मी उलट विचारते, किती दिवस झाले?

घरात औषधी झाडे लावा, असे मी आजही जोर देऊन म्हणते. पण प्रत्येक डब्यावर रंगाने एक आकडा लिहा. ते झाड किती दिवस वापरायचे आणि कितव्या दिवशी ते सोडून दवाखाना गाठायचा, त्याचा आकडा. हा आकडा नसला की घरगुती औषध आपल्या वस्त्यांत घात करते. हे मी कुठे वाचून सांगत नाही, माझ्या घरात घडले आहे.

माझा धाकटा दीर नाक्यावरचा मजूर. सिमेंट कालवायचे, विटा वाहायच्या, संध्याकाळी घरी. पावसाळा संपत आला तेव्हा त्याला खोकला लागला. माझ्या दारात तेलाच्या डब्यात अडुळसा होता, चांगला कमरेइतका वाढलेला. त्याची पाने वाफवून रस काढला, मध घालून दिला. चार दिवसांत कफ सुटला. "वहिनी, तुमच्या औषधाने छाती मोकळी झाली," म्हणाला. मला बरे वाटले. आठ दिवसांनी खोकला परत आला. परत रस दिला, परत थोडा आराम पडला. मध्ये एकदा तो जवळच्या दवाखान्यातही जाऊन आला. तिथे मान वर न करता, हवा बदलली आहे म्हणून खोकल्याची बाटली दिली. त्यांनी बाटली दिली, मी रस दिला, थुंकी मात्र कुणीच तपासली नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दरवर्षी नागपूरला जाणारा माणूस त्या वर्षी म्हणाला, वहिनी, गर्दीत चालवत नाही, दम लागतो. तेव्हा माझे डोळे उघडले. तपासले तर टीबी.

सहा महिने गोळ्या घेतल्या, बरा झाला. पण फुप्फुसाला जी इजा व्हायची ती होऊन गेली. आता ओझे उचलून जिना चढवत नाही, रात्रपाळीला वॉचमनचे काम करतो. त्याच्या चार वर्षांच्या मुलीलाही टीबीचे औषध घ्यावे लागले. एकाच खोलीत झोपणारे लेकरू ते. आणि मी कोण? दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा, असे हजारो दारांत जाऊन सांगितलेली बाई. स्वतःच्या दारात अडुळसा होता म्हणून दिवस मोजायला विसरले.

यात अडुळशाचा दोष नाही, उलट तो खरेच काम करतो म्हणून फसवणूक होते. अडुळशाच्या पानांत वासिसिन नावाचे द्रव्य असते, ते कफ पातळ करते. त्याच द्रव्यावर काम करून ब्रोमहेक्सिन आणि अँब्रॉक्सॉल ही औषधे तयार झाली. मेडिकलमधल्या कफाच्या बाटलीवरचे बारीक अक्षर वाचा, ही नावे दिसतील. म्हणजे आपल्या आजीच्या हातात होते ते खुळेपण नव्हते. पण कफ पातळ होणे वेगळे आणि कफ ज्या जंतूमुळे होतो तो मरणे वेगळे. टीबीचा जंतू अडुळशाने मरत नाही. तो आत वाढत राहतो आणि वर छाती मोकळी वाटते. आराम पडला म्हणजे आजार गेला, ही समजूत आपल्याला महागात पडते.

घरगुती औषधांचे गोडवे गाणारे लोक जीवकाची गोष्ट हमखास सांगतात. तक्षशिलेला गुरूने जीवकाला सांगितले, योजनभर फिरून ये आणि औषधी नाही अशी वनस्पती घेऊन ये. जीवक फिरून आला आणि म्हणाला, अशी एकही सापडली नाही. गोष्ट खरीच सुंदर आहे, विनयपिटकाच्या महावग्गात आहे. पण हे लोक ती अर्धीच सांगतात. ही परीक्षा देण्याआधी जीवक सात वर्षे शिकला होता. पुढे त्याच महावग्गात तो राजगृहाच्या श्रेष्ठीच्या डोक्याची शस्त्रक्रिया करतो आणि वाराणसीच्या श्रेष्ठीपुत्राचे पोट उघडून आतड्याची गाठ सोडवतो. पाला चांगला आहे तर पाला द्यायचा, पोट उघडायची वेळ आली तर उघडायचे, असा तो वैद्य होता. त्याचे नाव घेऊन कुणी शस्त्रक्रिया नको, इंजेक्शन नको म्हणत असेल तर त्याला उरलेली गोष्ट वाचायला सांगा.

एक प्रश्न नव्या सुना हळूच विचारतात. "मावशी, आपल्या घरी तुळस चालते का?" प्रश्न रास्त आहे. ज्या झाडाभोवती पूजा, लग्न, वृंदावन हे सगळे उभे केले आहे, ते दारात लावले तर लोक काय म्हणतील? माझे उत्तर असे की, पूजा सोडायची आहे, झाड नाही. महावग्गात भेसज्जक्खंधक म्हणून औषधांचा भाग आहे. आजारी भिक्खूंना कोणती औषधे चालतील, याची तिथे यादी आहे. मुळांमध्ये हळद, आले, वेखंड. फळांमध्ये हिरडा, बेहडा, आवळा, पिंपळी, मिरे. पानांमध्ये कडुनिंब, आणि त्याच यादीत सुलसी, म्हणजे आपली तुळस. तिथे हळदकुंकू नाही, प्रदक्षिणा नाही. भिक्खू आजारी आहे आणि हे पान उपयोगी आहे, एवढेच. आपणही तेवढेच म्हणावे. वृंदावन बांधू नका, तेलाच्या डब्यात लावा. सर्दीला चार पाने चहात टाका.

आता लावायचे कसे ते सांगते, कारण पुस्तकातले सल्ले अंगण असलेल्यांसाठी असतात. आपल्याकडे अंगण म्हणजे उंबरा आणि गटार यांच्यामधली दीड फूट फरशी, नाहीतर पत्रा. पंधरा किलोचा तेलाचा रिकामा डबा किराणा दुकानात मिळतो. खाली खिळ्याने सात-आठ भोके पाडा, तळाला विटांचे तुकडे किंवा नारळाच्या शेंड्या घाला, वर माती आणि शेणखत. माती नाल्याकाठची, गॅरेजजवळची किंवा डम्पिंगच्या बाजूची आणू नका. त्या मातीत शिसे आणि इतर विषारी धातू असतात, ते पानात चढतात. याच कारणाने गटाराकाठी फोफावलेली ब्राह्मी खुडून आणू नका, कितीही हिरवीगार दिसली तरी. रंगाच्या जुन्या बादल्याही नकोत.

पाण्याची चणचण मला माहीत आहे. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी झाडांना घाला, साबणाचे घालू नका. आणि डब्याखाली थाळी ठेवत असाल तर आठवड्यातून एकदा ती रिकामी करून घासून पुसा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. औषधी बाग करायची आणि थाळीत डेंग्यू पाळायचा, असे मी दोन घरांत पाहिले आहे.

सुरुवात चार झाडांनी करा. अडुळसा पावसाळ्यात फांदीवरून लागतो. पेन्सिलीएवढ्या जाडीची, तीन-चार डोळ्यांची फांदी खोचली की झाले. गवती चहाचे एक ठोंब कुणाकडून तरी मागून घ्या, वर्षभरात त्याची पाच होतात. त्याला ऊन लागते, तो पत्र्यावर ठेवा. जाड, लवदार पानांचा पानओवा कुठेही येतो, अर्ध्या सावलीतसुद्धा. पुदिना तर बाजारच्या जुडीतल्या मूळ असलेल्या काड्या रोवल्या तरी लागतो. हळद आणि आले लावायचे तर पावसाच्या तोंडावर डोळा फुटलेला तुकडा पुरा, आठ-नऊ महिन्यांनी काढा. कोरफड लावा, पण ती पाणी मागत नाही, लाडाने सडते.

आणि आकडे. अडुळशाच्या डब्यावर १४ लिहा. खोकला चौदा दिवसांच्या पुढे गेला की पान तोडायचे नाही, थुंकी तपासायला जायचे. थुंकीत रक्त दिसले, संध्याकाळी ताप येऊ लागला, वजन उतरले तर चौदा दिवसही थांबायचे नाही. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट, औषध फुकट, आणि उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिना १००० रुपये थेट बँक खात्यात येतात. आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. खात्याची माहिती दिली नाही म्हणून पैसे अडकलेली माणसे मला भेटतात, तेव्हा पासबुक सोबत न्या.

गवती चहावर २ लिहा. अंग मोडून आले, कणकण आहे, तर गवती चहा, आले घालून प्या, बरे वाटते. दोन दिवसांत ताप उतरला नाही तर रक्त तपासा. पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू, लेप्टो तिन्ही एकदम फिरत असतात आणि चव बघून ताप ओळखता येत नाही. तुंबलेल्या पाण्यातून चालत घरी आला असाल, पायाला जखम असेल, तर ताप नसला तरी ७२ तासांच्या आत दवाखान्यात जाऊन लेप्टोची गोळी विचारा. डेंग्यूत पपईच्या पानांचा रस पाजण्याची सध्या मोठी हवा आहे. पाजणारे त्या रसाच्या भरवशावर घरी थांबतात, हे मला घातक वाटते. ताप उतरतानाच पोटात जोरात दुखू लागले, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आले, माणूस गळून पडला, तर तो तास रुग्णालयाचा आहे, पपईचा नाही.

पानओवा आणि पुदिन्यावर १. पोट गुबारले, मुरडा आला, एक दिवस चावून खा. जुलाब लागले तर पाल्याच्या आधी पाणी. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ जास्त पडू देऊ नका. आशाताईकडे ओआरएसची पुडी आणि लहान मुलांसाठी झिंकच्या गोळ्या मिळतात, झिंक चौदा दिवस द्यायचे, जुलाब थांबले तरी.

एक वर्षाखालच्या बाळासाठी सगळ्या डब्यांवर शून्य. मध नाही, अडुळसा नाही, तुळशीचा रस नाही. मधातून एक वर्षाखालच्या बाळाला अंग लुळे पाडणारा आजार होऊ शकतो, तो दुर्मीळ आहे पण भयंकर आहे. सहा महिन्यांपर्यंत आईचे दूध, बाकी गुटीसुद्धा नाही. इथे सासवा माझ्याशी भांडतात. "आम्ही सात पोरं गुटीवर वाढवली." वाढवली, मान्य. पण त्या सातांबरोबर जी गेली त्यांची मोजदाद आपण करत नाही. गरोदर बाईलाही अडुळसा आणि कोरफड पोटात द्यायची नाही, गर्भाशयावर परिणाम होतो.

कोरफडीवर मी आकडा लिहीत नाही, फक्त "वरून" असे लिहिते. चुलीचा चटका बसला तर आधी वीस मिनिटे गार पाणी. नळ नसेल तर कळशीतले ओता. मग लहानसा चटका असेल तर गर लावा. फोड आले, तळहातापेक्षा मोठे भाजले, तोंडावर भाजले, तर काही न लावता दवाखाना. हळद, टूथपेस्ट, शाई यांतले काहीच नको. वाफ घेताना उकळत्या पाण्याचे पातेले अंगावर पडून भाजलेली मुले करोनात आम्ही कितीतरी पाहिली, म्हणून लहानग्यांना पातेल्यापाशी बसवूच नका.

गुळवेलीबद्दल थोडे थांबून सांगावे लागेल, कारण ती आता प्रत्येक कुंपणावर चढली आहे. करोनाच्या काळात लोक रोज काढा प्यायले. २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी नोंदवले की, गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांना काविळीसारखा यकृताचा त्रास झाला. आयुष मंत्रालयाने हे मानले नाही, दिसायला सारखी असणारी दुसरी वेल वापरली गेली असावी असे म्हटले. कोण बरोबर हा वाद तज्ज्ञांनी सोडवावा. आपल्यासाठी दोन्ही उत्तरांतून एकच अर्थ निघतो. वेल ओळखता येत नसेल तर पिऊ नका, आणि ओळखता येत असेल तरी महिनोन्महिने रोज पिऊ नका.

शुगरवाल्यांसाठी तर डब्याचा आकडा कामाचाच नाही. कारले खा, मेथी खा, जांभळे खा, भाजी म्हणून खा. गोळी बंद करून त्यांचा रस पिऊ नका. बाबासाहेबांनाही मधुमेहाने शेवटची वर्षे किती छळले, हे आपल्याला ठाऊक आहे. तो आजार दुखत नाही, म्हणून गोळी सोडली तरी महिनाभर काही कळत नाही. कळते तेव्हा पायाची जखम भरत नसते.

एक झाड मात्र असे आहे की त्याच्यावर मर्यादा नको, रोज खा. शेवगा. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारच्याच पाहणीत आले आहे, आणि आपल्या वस्तीत तर बाई जेवायला शेवटी बसते. शेवग्याच्या पाल्याची भाजी, वर लिंबू पिळून, आठवड्यातून तीनदा करा. डब्यात तो मावत नाही, म्हणून विहाराच्या मागे एक फांदी रोवा, सगळ्या गल्लीला पुरतो. गरोदरपणात मिळणाऱ्या १८० लोहाच्या गोळ्या मात्र पाल्याच्या भरवशावर सोडू नका, आणि त्या चहाबरोबर घेऊ नका.

काही तरुण डॉक्टर या सगळ्याला हसतात. त्यांना मी तू यूयू यांचे नाव सांगते. चीनच्या जुन्या ग्रंथातल्या वनस्पतीतून त्यांनी मलेरियाचे औषध काढले, २०१५ साली नोबेल मिळाले. पण त्याच वनस्पतीचा चहा पिऊन मलेरिया बरा करा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत नाही. किती मात्रा, किती दिवस, कुणाला नको, हे तपासले तेव्हा त्या पानाचे औषध झाले. आपल्या डब्यावरचा आकडा हा त्याचाच गरिबाघरचा, छोटा प्रकार आहे.

कुणी म्हणेल, ताई, आकडा लिहिला तरी दवाखान्यात जायला वेळ कुणाला आहे? रांगेत उभे राहिले की दिवसाचा रोज बुडतो, आणि वर बोलणी खावी लागतात. हे खरे आहे. माझ्या दिराच्या बाबतीत तेच झाले. म्हणून एकटे जाऊ नका. वस्तीतल्या दोघी-तिघींनी मिळून जा, "चौदा दिवस झाले, थुंकी तपासा" असे केसपेपरवर लिहायला लावा. नकार दिला तर तोही लिहून मागा. लिहून मागितले की हात हलतात, हा माझा बावीस वर्षांचा अनुभव आहे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीमाईंनी मुंढव्याच्या वस्तीतले आजारी पोर पाठीवर घेतले ते दवाखान्यात नेण्यासाठी.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, तेच फांद्या लावायचे दिवस. त्या रविवारी मी पायरीवर अडुळशाच्या पन्नास फांद्या आणि गवती चहाची ठोंबे घेऊन बसणार आहे. माती विहाराच्या मागे टाकून ठेवली आहे. डबा तुम्ही आणा, लाल रंग आणि ब्रश मी आणते. फांदी घेण्याआधी आकडा लिहायचा, नंतर नाही.